४८ तास आणि त्याखालची तळटीप

शाळेच्या भिंतीत पाणी मुरले तर काय करावे हे सांगणारी एक पुस्तिका अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००१ साली काढली. २००८ मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाले. शाळा आणि व्यापारी इमारतींमधील बुरशीचे निवारण हा तिचा विषय. ती लिहिली आहे इमारतींची देखभाल करणाऱ्यांसाठी, शास्त्रज्ञांसाठी नाही. भाषा सोपी आहे, चित्रे पुष्कळ आहेत आणि किंमत काहीच नाही. या पुस्तिकेतील एका तक्त्यातली एकच ओळ घेऊन आम्ही तिचे परीक्षण करणार आहोत. एका ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण विज्ञानातून निघालेला निष्कर्ष नियमाच्या रूपात छापला जातो तेव्हा वाटेत काय सांडते, हे दाखवायला ही ओळ फार चांगली आहे. शिवाय विषय शाळेच्या भिंतीचा आहे.

ओळीतला मजकूर साधारण असा आहे: जिप्सम बोर्डाची भिंत भिजली, पण उघड फुगवटा दिसत नाही आणि सांधे शाबूत आहेत, तर बोर्ड जागच्या जागी वाळवता येईल. तसे नसेल तर तो काढून टाकावा आणि नवा बसवावा. जमल्यास भिंतीच्या आतली पोकळी हवेशीर करावी. ही ओळ ज्या तक्त्यात आहे त्याच्या शीर्षकातच २४ ते ४८ तास अशी मुदत दिलेली आहे. पाणी स्वच्छ असावे, अशीही अट आहे.

आता हा जिप्सम बोर्ड म्हणजे काय? अमेरिका आणि कॅनडातली बहुतेक घरे, शाळा, दवाखाने आतून याच बोर्डाचे असतात. लाकडाचा किंवा पत्र्याचा सांगाडा उभा करायचा, दोन्ही बाजूंनी बोर्ड स्क्रूने ठोकायचे, सांध्यांवर कागदी पट्टी आणि पुट्टी लावून घासायचे आणि रंग द्यायचा. मधे पोकळीच राहते. ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली अशा बोर्डाचे पेटंट घेतले. १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम या कंपनीने त्यांचा उद्योग विकत घेतला. त्याआधी भिंतींना ओला गिलावा करावा लागे आणि तो वाळण्यात आठवडेच्या आठवडे जात. बोर्डामुळे ते काम वाचले, म्हणून तिकडच्या बोलीत या भिंतीला ‘ड्रायवॉल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कोरडी भिंत. आपल्याकडे विटांची नाहीतर काँक्रीटची भिंत आणि वर सिमेंटचा गिलावा ही पद्धत असल्याने हा बोर्ड बराच काळ परका होता. आता कार्यालयांच्या फॉल्स सीलिंगमध्ये आणि पार्टिशनमध्ये तो सगळीकडे दिसतो. भारतीय मानक संस्थेचे त्यासाठी आयएस २०९५ हे मानकही आहे.

बोर्डाचा गाभा ज्या पदार्थाचा, तो शिक्षकांच्या रोज हाती असतो. फळ्यावर लिहायचे साधे खडू पुष्कळदा प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून, साच्यात ओतून केलेले असतात. घट्ट झालेला खडू म्हणजे पुन्हा जिप्समच. खनिज जिप्सम तापवले की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस उरते. त्यात पाणी घातले की ते पाणी स्फटिकांत परत जाऊन बसते. कॅल्शियम सल्फेटचे वस्तुमान १३६, त्याला जोडलेल्या पाण्याच्या दोन रेणूंचे ३६, एकूण १७२. म्हणजे जिप्सममध्ये वजनाने जवळजवळ २१ टक्के पाणीच असते. ज्या बोर्डात २० किलो जिप्सम आहे त्याच्या पोटात सुमारे ४ लिटर पाणी आहे आणि तरी तो हाताला ठणठणीत कोरडा लागतो. हेच पाणी आगीत उपयोगी पडते. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही.

तेव्हा पाणी हा जिप्समचा शत्रू आहे, हे म्हणणे अर्धवट आहे. स्फटिकात बांधलेले पाणी निराळे आणि स्फटिकांच्या फटींत शिरलेले मोकळे पाणी निराळे. मोकळे पाणी शिरले की एकमेकांत गुंतलेल्या सुयांसारख्या स्फटिकांची पकड ढिली होते. ओल्या जिप्समची ताकद कोरड्याच्या निम्म्याच्या आसपास उतरते. वाळल्यावर ती बरीचशी परत येते, पण तोवर बोर्ड आपल्याच वजनाने वाकला असेल तर वाकलेलाच वाळतो. छताला लावलेल्या बोर्डाचे नेमके हेच होते. जिप्सम पाण्यात थोडे विरघळतेही, लिटरला दोन ग्रॅमच्या वर. एकदा भिजण्याने त्यात काही बिघडत नाही. रोज ठिबकणाऱ्या पाण्याने बिघडते.

गाभ्याचे एवढेच. खरी अडचण कागदाची आहे. बोर्डाच्या दोन्ही अंगांना जाड कागद असतो आणि तो गाभ्याला नीट चिकटावा म्हणून मिश्रणात स्टार्च घातलेला असतो. कागद म्हणजे सेल्युलोज, स्टार्च म्हणजे पीठच. बुरशीला याहून चांगले जेवण बांधकामाच्या साहित्यात सहसा मिळत नाही. जिप्सम स्वतः खनिज आहे, ते कोणी खात नाही. बोर्डाचा बळकटपणा मात्र त्या कागदावरच अवलंबून आहे. ज्याच्यामुळे बोर्ड उभा राहतो त्यालाच बुरशी लागते, ही या वस्तूच्या रचनेतली अडचण आहे. ती ओळखूनच पुढे कागदाऐवजी काचतंतूंची चटई लावलेले बोर्ड निघाले. ते महाग पडतात, म्हणून जिथे पाणी येणार हे ठाऊकच आहे तेवढ्यापुरते वापरतात.

आता ४८ तासांकडे येऊ. बुरशीचे बीजाणू हवेत नेहमीच असतात. इमारतीतून ते समूळ काढता येत नाहीत, म्हणून बुरशी आवरायची तर ओल आवरावी लागते, हे पुस्तिकेने पहिल्याच पानांत सांगितले आहे आणि ते अगदी बरोबर आहे. बीजाणू रुजायला लागते ते उपलब्ध पाणी. बंद डब्यात कागदाचा तुकडा ठेवला आणि डब्यातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर येऊन थांबली, तर त्या कागदातल्या पाण्याची उपलब्धता ०.८० आहे असे म्हणतात. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांच्या काही जाती ०.७५ ते ०.८० पासून वाढू लागतात. काळ्या बुरशीच्या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या स्टॅकीबॉट्रिस चार्टारमला ०.९४ च्या आसपास लागते, म्हणजे तिला चांगला भिजलेला कागदच हवा. तापमान काय, कागद कसा, जात कोणती, आधी कधी भिजला होता का, यांवर रुजण्याला लागणारा वेळ ठरतो. २४ ते ४८ तास ही त्यातल्या त्यात सावध अशी व्यवहारी मर्यादा आहे. दुधाला उतू जाण्यासाठी नेमकी किती मिनिटे लागतात असे विचारल्यासारखेच हे आहे. सांगता येते, पण पातेले कुठले आणि आच किती ते आधी सांगावे लागते.

पुस्तिकेच्या लेखकांना हे ठाऊक होते. तक्त्याखाली बारीक अक्षरात त्यांनी एक तळटीप दिली आहे. तिचा आशय असा: साहित्य ४८ तासांच्या आत वाळवले तरी बुरशी धरलेली असू शकते, शंका असल्यास जाणकाराकडून तपासून घ्यावे, उलट ४८ तास उलटले म्हणजे बुरशी आलीच असेही नाही, ही केवळ मार्गदर्शक मर्यादा आहे. ही तळटीप पुस्तिकेतील सर्वांत प्रामाणिक वाक्यांपैकी एक आहे. आमची पहिली तक्रार तिच्या जागेबद्दल आहे. मुदत शीर्षकात आणि मुदतीचा खरा अर्थ तळाशी, अशी मांडणी केली की काय होणार हे परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या कोणालाही सांगता येईल. लक्षात राहतो तो आकडा. दुरुस्ती करणाऱ्यांच्या जाहिरातींत, विम्याच्या पत्रव्यवहारात, बांधकामाच्या करारांत ४८ तास एकटेच हिंडतात. तळटीप सोबत नसते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासाने या आकड्याला आणखी एक धक्का दिला. संशोधकांनी दुकानांतून कोरे, कधीही न वापरलेले जिप्सम बोर्ड आणले, त्यांचा पृष्ठभाग निर्जंतुक केला आणि मग बोर्ड ओले करून बंद ठेवले. बुरशी उगवलीच, आणि त्यांत स्टॅकीबॉट्रिसही होती. म्हणजे बीजाणू हवेतून येऊन बसण्याची गरज नव्हती. ते कागदातच होते. जुन्या, परत वापरलेल्या कागदातून ते येत असावेत हा त्यावरचा तर्क सयुक्तिक वाटतो. पेरणी आधीच झालेली असेल तर उरतो फक्त पाण्याचा प्रश्न. २००१ च्या लेखकांना हा अभ्यास ठाऊक असणे शक्यच नव्हते, तेव्हा हा दोष त्यांच्या माथी नको.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि ती बांधकाम चालू असताना ओल्या होणाऱ्या बोर्डाबद्दल आहे. ४८ तास मोजायचे तर शून्य तास कधी होता हे ठाऊक हवे. शाळेत नळ फुटला, शिपायाने सकाळी सातला पाहिले, रात्री नऊला सगळे ठीक होते. इथे घड्याळ लावता येते. पुस्तिका अशाच प्रसंगांच्या अनुभवातून लिहिलेली आहे. बांधकामाच्या जागेवर मात्र बोर्ड कधी भिजला याची नोंद कोणाकडेच नसते. छप्पर पुरते बंद होण्याआधी खालच्या मजल्यावर बोर्ड ठोकायला घेतले, शनिवारी रात्री पाऊस झाला, सोमवारी कामगार आले तेव्हा वरवर सगळे वाळलेले. गठ्ठ्याने रचलेल्या बोर्डांत तर वरचा वाळतो आणि मधले ओलेच राहतात, कारण दोन बोर्डांच्या मधून हवा फिरत नाही. असा बोर्ड भिंतीवर चढतो तेव्हा त्याचे ४८ तास केव्हाच संपलेले असतात.

आणि पाणी नेहमी वरूनच येते असे नाही. काँक्रीटच्या फरशीत सिमेंटशी संयोग पावून उरलेले पाणी महिनोन् महिने बाहेर येत राहते. तिच्यावर बोर्डाची कड थेट टेकवली की केशाकर्षणाने पाणी वर चढते. खडूचे टोक शाईत बुडवून पाहिले की ही चढण डोळ्यांनी दिसते. म्हणूनच बोर्ड जमिनीपासून बोटभर वर ठेवून खालची फट पट्टीने झाकायची चांगली पद्धत आहे. घाईत ती पाळली जात नाही.

थंड प्रदेशातले आणखी एक कारण आम्हाला रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगे वाटते. हिवाळ्यात काम थांबू नये, पुट्टी लवकर वाळावी म्हणून तिकडे अर्धवट इमारतीत प्रोपेनच्या शेगड्या पेटवतात. धुराड्याशिवाय. खोली उबदार होते, म्हणून कामगारांना वाटते की वाळवण चालू आहे. पण प्रोपेनचा एक रेणू जळताना पाण्याचे चार रेणू देतो. ४४ ग्रॅम प्रोपेनमागे ७२ ग्रॅम पाणी, म्हणजे एक किलो वायूमागे सव्वा लिटर नव्हे, दीड लिटर नव्हे, त्याहूनही थोडे अधिक. आपल्या स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते; तो पूर्ण जळेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत गेलेले असते. आपल्या खिडक्या उघड्या असतात म्हणून ते जाणवत नाही. बंद, थंड इमारतीत ही वाफ सर्वांत गार पृष्ठभाग शोधते, आणि तो असतो बाहेरच्या भिंतीच्या बोर्डाचा मागचा कागद. वाळवण्यासाठी लावलेली शेगडीच बोर्ड ओला करते आणि तोही न दिसणाऱ्या बाजूने. मुलांना हे गणित घालून पाहावे. ‘ज्वलनात पाणी तयार होते’ हे वाक्य त्यांनी पाठ केलेले असते, पण ते पाणी कुठे जाते असे सहसा कोणी विचारलेले नसते.

उलट टोकाची चूकही होते. गरम हवेचे झोत लावून बोर्ड लवकर वाळवायचा प्रयत्न करतात. बोर्ड दीर्घकाळ ५२ अंश सेल्सियसच्या वर तापू देऊ नये असे उत्पादकच सांगतात, कारण मोकळ्या पाण्यापाठोपाठ बांधलेले पाणीही सुटू लागते आणि गाभा भुसभुशीत होतो. वाळवायला उष्णतेपेक्षा कोरडी आणि फिरती हवा अधिक उपयोगी. पोकळी हवेशीर करा, हा पुस्तिकेचा सल्ला म्हणूनच योग्य आहे. फक्त ‘जमल्यास’ हा शब्द तिथे नसता तर बरे झाले असते. दोन्ही बाजूंनी बोर्ड आणि मधे लोकर भरलेल्या भिंतीत ते आपोआप जमत नाही. त्यासाठी एका बाजूचा बोर्ड खालून कापावाच लागतो.

आता कसोटीकडे वळू. फुगवटा दिसतो का आणि सांधे शाबूत आहेत का, हे दोन्ही डोळ्यांनी पाहायचे आहे. डोळ्यांना दिसते ती पुढची बाजू. मागच्या कागदाबद्दल या ओळीत काही नाही. कोरडे म्हणजे किती कोरडे, याचाही आकडा त्या तक्त्यात नाही. पुस्तिकेत अन्यत्र ओल मोजणाऱ्या उपकरणांचा उल्लेख आहे खरा, पण दोन टोकांचे जे साधे यंत्र कंत्राटदाराच्या खिशात असते ते बहुधा लाकडासाठी जुळवलेले असते. जिप्समवर त्याने १२ दाखवले म्हणजे १२ टक्के पाणी, असा अर्थ होत नाही. हे यंत्र विद्युतरोध मोजते आणि जिप्समचे क्षार त्या रोधात ढवळाढवळ करतात. त्याच इमारतीतल्या, कधी न भिजलेल्या बोर्डावर आधी वाचन घ्यायचे आणि संशयित बोर्डाशी त्याची तुलना करायची, एवढाच त्याचा प्रामाणिक उपयोग आहे. नियंत्रणासाठी ठेवलेला नमुना म्हणतात तो हाच. दोन वाक्यांत सांगता आले असते ते. सांगायला हवे होते.

याच प्रश्नावर अमेरिकेतील जिप्सम उत्पादकांच्या संघटनेचे, जिप्सम असोसिएशनचे, एक पत्रक आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की एक मौजेची गोष्ट लक्षात येते. ईपीए म्हणते, दोष दिसत नसेल तर बोर्ड ठेवता येईल. संघटना म्हणते, बोर्ड बदला; ठेवायचाच असेल तर पाण्याचा उगम सापडून बंद झालेला असावा, पाणी स्वच्छ असावे, बुरशी धरण्याआधी बोर्ड पूर्ण वाळवता यावा आणि बोर्ड भक्कम असून त्याचे खिळे-स्क्रू गंजलेले नसावेत. या सगळ्या अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच. अटी जवळपास त्याच आहेत, पण सिद्ध करण्याचे ओझे उलट्या खांद्यावर आहे. पहिल्या रचनेत शंकेचा फायदा ओल्या बोर्डाला मिळतो, दुसरीत तिथे राहणाऱ्या माणसांना. बोर्ड विकणाऱ्यांनी ‘नवा घ्या’ म्हणावे यात नवल नाही आणि वाचकांनी ते मनात जरूर ठेवावे. तरीही बांधकाम चालू असताना कोणती रचना योग्य, असे विचाराल तर आमचे मत उत्पादकांच्या बाजूने आहे. कारण साधे आहे. भिंत उघडी असते तेव्हा बोर्ड बदलणे स्वस्त असते. एकदा सांधे भरून, रंग देऊन, फळा आणि कपाटे लावून झाली की तीच भिंत उघडण्यासाठी वर्ग रिकामा करावा लागतो. वापरात असलेल्या शाळेत मात्र ईपीएचा सल्ला अधिक समंजस ठरू शकतो, कारण तिथे उगाच तोडफोड केली तर धूळ आणि बीजाणू मुलांच्याच श्वासात जातात. एकच ओळ दोन्ही प्रसंगांना लागू करणे ही खरी चूक आहे.

क्षेत्रफळाच्या मर्यादांबद्दल थोडक्यात. बुरशी १० चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर एक बंदोबस्त, १० ते १०० मध्ये दुसरा, त्यावर तिसरा, अशी पुस्तिकेची विभागणी आहे. ही विभागणी कामाच्या सोयीसाठी आहे, आरोग्यावरील परिणामांच्या संशोधनातून आलेली नाही, असे पुस्तिकेने स्वतःच म्हटले आहे. या स्पष्टपणाबद्दल आम्ही तिला पैकीच्या पैकी गुण देतो. पण ४ बाय ८ फुटांचा एक अख्खा बोर्डच ३२ चौरस फुटांचा होतो, आणि त्याला दोन बाजू असतात. मोजायचे ते दिसणारे क्षेत्रफळ की असणारे?

इथवर आम्ही पुस्तिका फार सैल आहे असेच म्हणत आलो. न्याय करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती ज्या काळात लिहिली गेली तेव्हा भीतीची लाट होती. क्लीव्हलंड शहरात १९९३ आणि १९९४ मध्ये काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत पाणी मुरलेले होते आणि स्टॅकीबॉट्रिस सापडली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी सुरुवातीला या दोहोंचा संबंध असल्याचे प्रसिद्ध केले. काळ्या बुरशीची बातमी जगभर गेली. पुढे त्याच संस्थेने आपल्याच तपासाची फेरतपासणी करवून घेतली आणि मार्च २००० मध्ये तिचा निष्कर्ष छापला: संबंध सिद्ध झालेला नाही. त्यात सापडलेल्या चुका विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने वाचाव्यात अशा आहेत. नमुने घेणाऱ्याला कोणते घर आजारी मुलाचे हे ठाऊक असू नये असे ठरले होते, पण पुष्कळ घरे त्याने बरोबर ओळखली. दोषी बुरशी निसटू नये या कळकळीने त्याने रुग्णांच्या घरांतून हवेचे नमुने इतर घरांच्या दुप्पट घेतले. जास्त शोधले तिथे जास्त सापडले. यात लबाडी कोणाचीच नव्हती.

हे घडून वर्षभरातच पुस्तिका आली आणि तिने एका बुरशीच्या नावाने आरडाओरड केली नाही, ही जमेची बाजू आहे. कोणती जात आहे हे ओळखण्यात पैसे घालवण्यापेक्षा पाणी थांबवा आणि दिसणारी बुरशी काढा. हवेतल्या बीजाणूंची सरकारमान्य मर्यादा ठरलेलीच नाही, त्यामुळे मोजून पास-नापास ठरवता येत नाही. जंतुनाशक फवारून भागत नाही, कारण मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होऊ शकते. हे सारे सल्ले काळाच्या कसोटीला उतरले आहेत. २००४ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध पुरावा तपासला. ओलसर घरे आणि खोकला, घशात घरघर, दम्याचा त्रास यांचा संबंध दोघांनीही मान्य केला. म्हणजे भीती अवास्तव होती, पण काळजी अवास्तव नव्हती. ज्या वर्गात दम्याचे एकदोन विद्यार्थी आहेत, आणि असा वर्ग शोधायला लांब जावे लागत नाही, तिथे भिंतीतली ओल हा केवळ रंगाच्या पोपड्यांचा प्रश्न राहत नाही. म्हणूनच भिजलेल्या बोर्डावर बुरशीरोधक रंगाचा हात मारून मोकळे होण्याच्या सवयीवर या पुस्तिकेने ओढलेला आसूड आम्हाला मनापासून आवडला. रंग चढला की ओल आत कोंडते आणि तपासायला पुढचा कागदही उरत नाही.

बांधकामाच्या काळाबद्दलची उणीव ईपीएलाही जाणवली असावी. डिसेंबर २०१३ मध्ये तिने इमारतींची रचना, बांधकाम आणि देखभाल यांतील आर्द्रता-नियंत्रणावर एक जाडजूड मार्गदर्शिका काढली. तीत बांधकामाला स्वतंत्र प्रकरण आहे: साहित्य कोरडे ठेवा, भिजलेच तर भिंत बंद करण्याआधी वाळवा, आणि हे झाले का ते तपासा. आम्हाला त्यातली सर्वांत आवडलेली युक्ती अगदी शाळकरी आहे. इमारतीच्या उभ्या छेदाचे चित्र घ्यायचे आणि पावसाचे पाणी अडवणारा थर पेनाने गिरवत जायचे: छप्पर, भिंत, खिडकीची चौकट, पुन्हा भिंत, पाया. पेन उचलावे लागले तर तिथून पाणी आत येणार. या कसोटीला तिथे ‘पेन टेस्ट’ म्हणतात. पैसे पडत नाहीत, आणि बोर्ड भिजण्याच्या कितीतरी आधी, कागदावरच चूक सापडते. आपल्या शाळेच्या इमारतीचा असा छेद आठवीतल्या मुलांना काढायला लावून पाहावा. खिडकीच्या छज्जाशी बहुतेकांचे पेन अडखळेल.

मात्र एक पोकळी या दोन पुस्तिकांच्या मधे राहूनच गेली आहे. ठोकून झालेला, कधी भिजला ते ठाऊक नसलेला, वरून ठीक दिसणारा बोर्ड समोर आहे आणि उद्या रंगारी येणार आहेत. नवी मार्गदर्शिका म्हणते की त्याला भिजूच द्यायला नको होते. जुनी म्हणते, फुगवटा नसेल तर चालेल. आम्ही असतो तर त्या ओळीत एवढेच घातले असते: केव्हा भिजला हे कोणी सांगू शकत नसेल, तर ४८ तास उलटले असे धरा. खालच्या कडेला, वळचणीला न दिसेल असा हातभर तुकडा कापून मागचा कागद पाहा. न भिजलेल्या बोर्डाशी यंत्राचे वाचन ताडून पाहा. कागदावर ठिपके असतील किंवा तो गाभ्यापासून सुटत असेल तर तो बोर्ड काढा, आणि शेजारच्या बोर्डाची मागची बाजूही बघा.

वर्गात करून पाहण्यासारखे काही हवे असेल तर बुरशी वाढवण्याचा प्रयोग मात्र करू नये. उघड्या बशीतले बीजाणू सगळ्यांच्याच नाकात जातात. त्याऐवजी फॉल्स सीलिंगचे काम चालू असेल तिथून जिप्सम बोर्डाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे मागून आणावेत. दोन्हींचे वजन करावे, बुडवून पाच मिनिटे भिजवावेत, पुन्हा वजन करावे. एक तुकडा मोकळ्या हवेत उभा ठेवावा. दुसऱ्याच्या एका बाजूला तैलरंगाचे दोन हात देऊन ती बाजू वर येईल असा तो फरशीवर पालथा घालावा. मग दोन्हींचे वजन सकाळ-संध्याकाळ घेऊन आलेखकागदावर मांडावे. ४८ तासांच्या ठिकाणी एक उभी रेघ मारावी आणि त्या रेघेपाशी दोन्ही तुकड्यांत किती पाणी उरले आहे ते वाचावे. जुलैमध्ये कोकणातल्या शाळेने आणि त्याच आठवड्यात सोलापूरच्या शाळेने हा प्रयोग केला, तर दोन्ही आलेख आम्हाला जरूर पाठवावेत.